हप्ता तोच, गाडी नवी?

प्रश्न : माझं वय ५१. तीन वर्षांपूर्वी एक आलिशान सेडान नवी घेतली. २० टक्के रोख भरले, बाकीचं पाच वर्षांचं कर्ज, व्याज ९ टक्के. अजून २४ हप्ते राहिलेत. मुलगा शिकायला बाहेर पडला, पत्नीची स्वतःची छोटी हॅचबॅक आहे, त्यामुळे सेडानची मागची सीट रिकामीच फिरते. गेल्या महिन्यात छत उघडणारी, दोन सीटची स्पोर्ट्स कार चालवून पाहिली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. तिची किंमत सेडानच्या मूळ किमतीपेक्षा १० टक्के जास्त आहे. शोरूमवाले सेडान मूळ किमतीच्या ५२ टक्क्यांना परत घ्यायला तयार आहेत. जुनं कर्ज तेच फेडतील, नवं सात वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनीच मिळेल. हप्ता आत्ताच्यापेक्षा थोडा कमीच बसतो. शिवाय अशा गाड्यांची किंमत फारशी उतरत नाही, म्हणजे ही एक प्रकारची गुंतवणूकच आहे. दुसरं कर्ज नाही, बचत नियमित आहे, निवृत्तीला ९ वर्षं आहेत. पत्नी म्हणते, सही करण्याआधी कुणाला तरी विचारा. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी तो ‘गुंतवणूक’ शब्द पत्रातून खोडून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवायची काहीच गरज नाही. तुम्हाला ती गाडी आवडली आहे, वय ५१ आहे, घरच्या जबाबदाऱ्या हलक्या झाल्या आहेत. एवढं कारण पुरेसं आहे. हौसेला हौस म्हटलं की तिच्यासाठी किती पैसे काढायचे हे ठरवता येतं. तिला गुंतवणूक म्हटलं की तो आकडा फुगत जातो आणि त्याचं काही वाटतही नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. छत उघडणारी गाडी जरूर घ्या. शोरूमने पुढे केलेला हा व्यवहार मात्र करू नका.

आता त्या ‘थोड्या कमी’ हप्त्याकडे वळू. तुम्ही रकमा दिलेल्या नाहीत, त्यामुळे सेडानची मूळ किंमत १०० धरतो. ८० चं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं, म्हणजे आजचा हप्ता १.६६. ३६ हप्ते भरून झाल्यावर मुद्दल ३६.३५ शिल्लक आहे. शोरूम सेडानचे ५२ देतंय. त्यातून कर्ज फिटून तुमच्या नावावर १५.६५ उरतात. नवी गाडी ११० ची. म्हणजे नवं कर्ज ९४.३५. सात वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता येतो १.५२. हप्ता खरोखरच कमी आहे, ते खोटं बोललेले नाहीत.

पण आज काहीच केलं नाही, तर तुम्हाला एकूण किती भरायचेत? १.६६ चे २४ हप्ते, म्हणजे ४०. सही केलीत तर १.५२ चे ८४ हप्ते, म्हणजे १२७.५. दोन वर्षांत सुटणारा माणूस सात वर्षांसाठी पुन्हा बांधला जातो, आणि बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम जवळपास तीच दिसत असल्याने त्याला काही जाणवतही नाही. या १२७.५ पैकी ३३ निव्वळ व्याज आहे, म्हणजे तुमच्या सेडानच्या एक तृतीयांश किमतीएवढं. शेवटचा हप्ता भराल तेव्हा तुम्ही ५८ वर्षांचे असाल. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा : हप्त्यात १४ पैशांची सवलत आणि मुदतीत ६० महिन्यांची वाढ.

मला याहूनही जास्त खटकतो तो मधला टप्पा. तीन वर्षांनी या नव्या कर्जाचं मुद्दल ६१ शिल्लक असेल. त्या वेळी काही कारणाने गाडी विकावी लागली, पाठ दुखायला लागली, नोकरी बदलली, किंवा मन भरलं, आणि गाडीला मूळ किमतीच्या ५५ टक्के आले, तर हातात ६०.५ येतील आणि बँकेला ६१ द्यावे लागतील. ३६ हप्त्यांत ५४.६ भरूनही हाती भोपळा. सेडान आज विकली तर निदान १५ तरी सुटतात. याचं श्रेय तुम्ही तेव्हा भरलेल्या २० टक्क्यांना आणि पाच वर्षांच्या मुदतीला आहे. नव्या व्यवहारात ही दोन्ही कवचं गळून पडतात.

‘किंमत उतरत नाही’ हे थोडंफार खरं आहे, पण सरसकट नाही. मोठ्या आलिशान सेडानची किंमत झपाट्याने उतरते, कारण तिचा पहिला ग्राहक नवीनपणासाठी पैसे मोजतो आणि दुसऱ्याला दुरुस्तीच्या बिलाची धास्ती असते. मोजक्या संख्येने निघालेल्या स्पोर्ट्स कार भाव टिकवून धरतात. बाकीच्या मात्र इतर कुठल्याही नव्या गाडीसारख्याच शोरूमच्या दारातून बाहेर पडताक्षणी उतरणीला लागतात. आणि छत उघडणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक मुळात कमी आणि तेही हंगामी. स्वच्छ ऊन पडलं की फोन वाजतात, पाऊस किंवा थंडी सुरू झाली की जाहिरात पडून राहते. हे विकणाऱ्याचं दुखणं आहे. खरेदी ऑफ-सीझनला केलीत तर तेच तुमच्या फायद्याचं ठरतं.

हे पडताळून पाहायला माझी गरज नाही. तुम्ही पाहिलेलं मॉडेल तीन वर्षं जुनं कितीला मिळतं, ते जाहिरातींत बघा. ११० ची गाडी ६० च्या आसपास दिसली, तर ‘गुंतवणुकी’चं उत्तर तिथेच मिळालं. ९० ला दिसली, तर तुमचं म्हणणं खरं. मग नवीच घ्या आणि मला चुकीचं ठरवल्याचा आनंदही घ्या. माझा अंदाज ६० चा आहे, पुढचं गणित त्यावर मांडतो.

सेडान शोरूमला न देता स्वतः विका. मधला माणूस गेल्यावर ५२ ऐवजी ५७ मिळायला हरकत नसावी. डोकेदुखी आहे, हे मान्य. अनोळखी माणसं फेऱ्या मारतात, बोनेट उघडून हुंकार भरतात, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असल्याने खरेदीदार बिचकतो. त्याला सरळ बँकेत घेऊन जा. त्याने ३६.३५ परस्पर कर्जखात्यात भरावेत, उरलेले तुम्हाला द्यावेत, बँकेने ना-हरकत पत्र द्यावं. मुदतपूर्व फेडीला शुल्क आहे का, हे कर्जाच्या करारात आधी पाहून ठेवा. एवढ्या खटपटीचे ५ मिळतात, म्हणजे तीन हप्ते. माझ्या मते दोन रविवार घालवण्याजोगी रक्कम आहे.

तर हातात २०.६५. तीन वर्षं जुनी स्पोर्ट्स कार ६० ला. कर्ज ३९.३५. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज चढं असतं, म्हणून साडेदहा टक्के धरले. मुदत तीन वर्षं, एक दिवसही जास्त नाही. हप्ता १.२८, एकूण भरणा ४६. आज तुमच्या डोक्यावर असलेल्या ४० पेक्षा फक्त ६ जास्त, सुटका फक्त एक वर्ष उशिरा, आणि छत उघडंच. पहिल्या मालकाने ५० गमावून दिलेली गाडी तुम्हाला मिळते. त्याचे मनातल्या मनात आभार माना.

तुमचा आजचा हप्ता १.६६ आहे, नवा १.२८. मधले ०.३८ दरमहा वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावू नका. तीन वर्षांत पावणेचौदा जमतील. ते कशासाठी, हे नीट सांगतो, कारण सेडानची सवय झालेल्या माणसाला इथेच धक्का बसतो.

बऱ्याच स्पोर्ट्स कारचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. म्हणजे पुढचे मागे, मागचे पुढे फिरवून आयुष्य वाढवायची सोय नाही. रबर मऊ, पकड जबरदस्त, झीजही तशीच. कापडी छत उन्हाने कडक होतं, घडीच्या रेषेवर विरतं. विजेवर चालणाऱ्या छताला मोटर, कधी तेलाचा पंप आणि नळ्या, सेन्सर असं सगळं लटांबर असतं. यातलं एखादं रुसलं की छत अर्ध्यात उभं राहतं, आणि ते नेमकं आभाळ भरून आल्यावरच. पत्र्याचं घडीचं छत टिकाऊ वाटतं, पण ते जड असतं आणि घडी घालून बसायला डिकीच बळकावतं. बीएमडब्ल्यूच्या झेड-४ चं आधीचं मॉडेल पत्र्याच्या छताचं होतं. २०१८ मध्ये आलेल्या नव्या मॉडेलात कंपनी पुन्हा कापडाकडे वळली, आणि २८१ लिटरची डिकी छत उघडलं तरी तेवढीच राहिली. माझदाच्या एमएक्स-५ चं कापडी छत तर बसल्या जागेवरून हाताने मागे टाकता येतं, बिघडायला मोटरच नाही. १९८९ पासून ही गाडी निघते आहे आणि २०१६ मध्ये तिने दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठला, त्यामुळे ती जिथे विकली जाते तिथे जुनी गाडी शोधणाऱ्याला निवडीला वाव भरपूर. डिकी मात्र १३० लिटरची. तुमच्या सेडानची ५०० च्या आसपास असेल.

जुनी गाडी पाहायला गेलात तर इंजिनाआधी नाक वापरा. दार उघडल्यावर कुबट वास आला तर पुढे जाऊच नका. छताच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नाळी असतात. त्यांत पाचोळा अडकला की पाणी आत उतरतं, गालिच्याखाली मुरतं, आणि काही गाड्यांत तिथेच वायरिंगचे डबे बसवलेले असतात. सीटमागच्या गालिच्यावर तळहात दाबून बघा, ओल हाताला लागते. छत तीनदा पूर्ण उघडा, तीनदा पूर्ण मिटा. एकदा चाललं याला अर्थ नाही, विकणाराही एकदाच दाखवतो. मागच्या दोन टायरांवर वेगवेगळ्या कंपन्यांची नावं दिसली तर समजा, आधीच्या मालकाने खर्चात हात आखडला होता, आणि मग तेलबदल तरी वेळेवर केला असेल का, हा प्रश्न पडायलाच हवा.

विम्याचा प्रीमियम गाडी ठरवण्याआधी विचारा, नंतर नाही. दोन सीट आणि जास्त ताकद पाहिली की विमा कंपनीचा सूर बदलतो, आणि हा आकडा शोरूमच्या कागदावर कधीच नसतो.

तिसरा रस्ताही सांगून ठेवतो. तुमच्या पत्नीला बहुधा हाच पटेल. २४ हप्ते फेडा. मग तोच १.६६ आणखी दोन वर्षं स्वतःच्या नावावर, सहा टक्के मिळतील अशा सुरक्षित ठिकाणी ठेवा. ४२ जमतात. सात वर्षांच्या सेडानचे २८ आले, तर ७० रोख. चार वर्षांनी, बँकेचं तोंड न बघता, जुनी स्पोर्ट्स कार दारात आणि वर १० शिल्लक. गाड्यांच्या किमती तोवर चढलेल्या असतील, त्या १० मधले काही त्यातच जातील. आकड्यांपुरतं पाहिलं तर हाच मार्ग सरस.

तरी तो मी तुमच्यावर लादणार नाही. ५१ आणि ५५ यांत फरक आहे. जमिनीलगतच्या सीटमधून उठताना गुडघे बोलतात, आणि चार वर्षांनी ही ओढ अशीच राहील याची खात्री कुणी द्यावी? दुसरं कर्ज नाही, निवृत्तीची बचत चालू आहे. ४० च्या जागी ४६ भरण्याने तुमचं काही कोसळत नाही. १२७.५ ने कोसळणार नाही कदाचित, पण निवृत्तीच्या आधीची शेवटची वर्षं जमवाजमवीची सगळ्यात महत्त्वाची असतात आणि तुमच्या नऊपैकी सात या गाडीकडे गहाण पडतात. विचार करा, सेडान फिटल्यानंतरची पाच वर्षं तोच १.६६ सहा टक्क्यांनी साठवला, तर ५८ व्या वर्षी ११६ हातात असतात. शोरूमच्या व्यवहारात त्या दिवशी तुमच्याकडे सात वर्षांची गाडी असेल, बस्स.

एक अट मात्र माझी आहे. काहीही विकण्याआधी तशीच गाडी तीन दिवस भाड्याने घ्या. शोरूमची फेरी वीस मिनिटांची असते, मोकळ्या रस्त्यावरची, छत उघडं ठेवून. तुम्ही मात्र बहुतेक वेळ छत मिटून, कामावर जाता-येता, ट्रकच्या धुराड्याच्या उंचीवर बसून गाडी चालवणार आहात. त्या तीन दिवसांत एक दिवस भर वाहतुकीत घाला, एक दिवस दोघांच्या बॅगा भरून निघा, आणि परतीचा रस्ता पत्नीला चालवू द्या. सेडानच्या शांततेची तुम्हाला किती सवय झाली आहे, हे तेव्हाच कळेल. तिसऱ्या दिवशीही किल्ली परत करताना जिवावर आलं, तर जाहिराती बघायला लागा.

आणि जाता जाता, शोरूमला एक फोन करा. सेडानचा विषयच काढू नका. ‘गाडी बदलून नको, कर्ज नको, रोखीत घेतो, शेवटची किंमत बोला,’ एवढंच म्हणा. ११० पेक्षा जेवढा कमी आकडा येईल, तेवढी सूट त्यांनी तुमच्या सेडानच्या ५२ मध्ये आधीच घालून ठेवली होती. म्हणजे तुमच्या सेडानला त्यांनी मनातून किती किंमत लावली आहे, तेही कळेल.