समकालीन कलेत आग इतक्या वेळा का दिसते, आणि तिचा अर्थ कसा लावायचा?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. आजच्या कलेत आग, धूर, राख इतकी का दिसते आणि तिला कशाचं प्रतीक मानायचं, हा पहिला. दुसरा जरा चिडून विचारलेला: वस्तू पेटवून देणं ही नुसती खळबळ नाही का? ती चीड मला समजते. काही कलाकृतींबाबत ती अगदी रास्त आहे, पण त्याकडे शेवटी येतो.

आधी अर्थाबद्दल. शुद्धी, विनाश, क्रोध, वासना, ज्ञान, बंड यांपैकी काहीही आगीला चिकटवता येतं आणि ते खोटं ठरत नाही. म्हणूनच ‘आग म्हणजे अमुक’ अशी यादी पाठ करून कलाकृतीसमोर उभं राहिलं की हाती काहीच लागत नाही. माझ्या मते अर्थ ज्वाळेत शोधू नये. काय जळलं आणि कोणी पेटवलं, हे विचारावं.

ब्रिटिश कलाकार कॉर्नेलिया पार्कर हिच्या दोन कृती शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. १९९७ च्या ‘मास (कोल्डर डार्कर मॅटर)’मध्ये टेक्सासमधल्या एका चर्चचा कोळसा आहे. गोऱ्या भाविकांचं ते चर्च वीज पडून जळालं होतं. उरलेले तुकडे पार्करने असे टांगले की हवेत एक काळा घन तरंगताना दिसावा. आठ वर्षांनी, २००५ मध्ये, तिने ‘अँटी-मास’ केलं. पद्धत तीच, टांगलेला कोळसा तोच वाटावा असा. फक्त हा कोळसा केंटकीतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चचा होता, आणि ते चर्च मुद्दाम आग लावून जाळलेलं होतं. डोळ्यांना दोन्हींत फरक करता येत नाही. पण एकदा हे कळलं की दुसऱ्या घनासमोर पहिल्यासारखं शांत उभं राहता येत नाही. पहिल्या आगीत निसर्ग किंवा देव, जे तुम्ही मानत असाल ते. दुसरीत माणसाचा द्वेष. आगीने लाकडाचं जे केलं ते दोन्हीकडे सारखंच. या जोडीइतकं आगीच्या प्रतीकाबद्दल स्पष्ट बोलणारं दुसरं काही मला माहीत नाही.

आता हे सगळं सुरू कुठून झालं? आगीची चित्रं शतकानुशतकं रंगवली गेली आहेत: जळती शहरं, नरक, मेणबत्तीच्या उजेडातले चेहरे. विसाव्या शतकाच्या मध्यावर बदल झाला तो असा, की आग चित्राचा विषय न राहता चित्र करणारी झाली. ब्रशऐवजी जाळ. (तसं पाहिलं तर चित्रकार कायमच आगीचं देणं लागतात. रेखाटनाचा कोळसा म्हणजे बेताने जाळलेलं लाकूड, आणि काळी शाई म्हणजे पुष्कळदा काजळीच.)

हा बदल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात घडला, आणि मला तो योगायोग वाटत नाही. अल्बर्टो बुर्री हा इटालियन सैन्यातला डॉक्टर. तो १९४३ मध्ये पकडला गेला आणि टेक्सासमधल्या हियरफर्डच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढू लागला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने ‘कोंबुस्तिओनी’ (म्हणजे ‘ज्वलनं’) ही मालिका केली. आधी कागद आणि लाकूड, पुढे प्लॅस्टिकच्या चादरी त्याने ज्योतीने जाळल्या. प्लॅस्टिक वितळतं, आक्रसतं, त्याला भोकं पडतात आणि भोकांच्या कडा काळ्या, जाड, सुजल्यासारख्या होतात. लोकांना त्यात भाजलेली कातडी दिसली. बुर्री स्वतः अर्थाबद्दल फारसं बोलत नसे, आणि मला ते बरंच वाटतं.

जर्मनीतला ओटो पिने याचा जन्म १९२८ चा. युद्धात कोवळ्या वयातच त्याला विमानविरोधी तोफखान्यात जुंपलं गेलं. त्याच्या पिढीला रात्रीच्या आकाशातला उजेड म्हणजे मरण. पुढे ‘झीरो’ या कलाकारांच्या गटात त्याने बारीक छिद्रांच्या जाळीतून मेणबत्तीचा धूर कागदावर सोडून काजळीच्या ठिपक्यांची चित्रं केली, आणि नंतर रंगाचा थर पेटवून त्याला फोड आणले. त्याच्या चित्रांतली वर्तुळं फार शांत असतात. ज्याने आकाश जळताना पाहिलं, तो त्याच आगीकडून एवढंसं, ताब्यातलं, सौम्य काम करून घेतो. इथे आग विनाशाचं प्रतीक आहे की सुटकेचं? दोन्ही एकदम, आणि ते त्याच्या आयुष्यामुळे.

फ्रेंच कलाकार इव्ह क्लाइन यापेक्षा वेगळा, थोडा नाटकी. १९५७ मध्ये पॅरिसच्या एका गॅलरीत त्याने निळ्या फळीवर शोभेच्या दारूच्या १६ नळ्या लावून मिनिटभराचं ‘अग्निचित्र’ दाखवलं होतं. १९६१ मध्ये तो थेट फ्रान्सच्या सरकारी गॅस कंपनीच्या चाचणी केंद्रात गेला. हातात प्रचंड बर्नर, शेजारी पाण्याची नळी घेतलेला अग्निशामक जवान, समोर जाड पुठ्ठे. मॉडेल्सची ओली शरीरं आधी पुठ्ठ्याला टेकवलेली असत. ओल लागलेला भाग कमी करपतो, म्हणून जाळ फिरवला की शरीराची फिकट आकृती उमटते. म्हणजे तिथे जी बाई दिसते ती जिथे आग पोचली नाही त्या जागेची बनलेली आहे. क्लाइनच्या मोठमोठ्या आध्यात्मिक दाव्यांपेक्षा मला हे साधं तंत्र जास्त भिडतं.

ग्रीसमध्ये जन्मलेल्या, इटलीत काम करणाऱ्या यानिस कूनेलिसने १९६७ मध्ये लोखंडी पत्र्याचं डेझीचं फूल केलं आणि त्याच्या मध्यातून गॅसची खरी ज्योत सोडली. गॅलरीत गॅसचा फूत्कार ऐकू येतो, धग लागते, आणि जवळ जावं की नाही हे अंगालाच ठरवावं लागतं. फोटोत यातलं काहीच येत नाही. आगीची कला फोटोवरून जोखू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

बायकांनी आगीला वेगळंच वळण दिलं. अमेरिकेत पुरुष कलाकार बुलडोझर लावून वाळवंटं खोदत होते, त्या काळात ज्युडी शिकागो १९६८ पासून रंगीत धुराच्या नळ्या पेटवून तोच भूभाग थोडा वेळ मऊ, धूसर करत होती. धूर विरला की जमीन जशीच्या तशी. आना मेंदिएताचं काम याहून खोल आहे. क्यूबातल्या हवानात जन्मलेली ही मुलगी १९६१ मध्ये आईबापांपासून दूर अमेरिकेत पाठवली गेली. ‘सिलुएता’ (म्हणजे ‘छायाकृती’) मालिकेत ती स्वतःच्या देहाचा आकार जमिनीत कोरायची आणि काही वेळा त्यात बंदुकीची दारू भरून पेटवायची. १९७६ मध्ये मेक्सिकोतल्या ओआहाकात तिने बांबूच्या सांगाड्यावर शोभेची दारू बांधून बाईच्या आकाराची आकृती जाळली. उरल्या त्या फक्त छोट्या फिल्म आणि फोटो. ज्या बाईला स्वतःची जमीन उरली नव्हती, ती परक्या जमिनीवर आपला ठसा उमटवते आणि तो लगेच जाळते. हे मी कितीदा पाहिलं तरी त्याची पकड सैल होत नाही.

बंदुकीच्या दारूचं नाव निघालं की चिनी कलाकार साय ग्वो-च्यांगकडे जावंच लागतं. तो कागद जमिनीवर पसरतो, त्यावर दारू शिंपडतो, पुठ्ठ्याचे साचे आणि वजनं ठेवतो आणि वात पेटवतो. काही क्षणांत स्फोट होतो आणि मदतनीस ठिणग्या विझवायला धावतात. १९९३ मध्ये त्याने जियायुग्वानला, चीनच्या भिंतीच्या पश्चिम टोकापासून पुढे वाळवंटात १० किलोमीटर वात जाळून ती भिंत काही वेळापुरती लांबवली. २०१५ मध्ये आपल्या शंभरीतल्या आजीसाठी ५०० मीटर उंच आगीची शिडी आकाशात उभी केली. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने तिबेटमधल्या शिगात्से भागात डोंगराच्या धारेवर ड्रॅगनच्या आकारात रंगीत दारू उडवली. त्या नाजूक उंचावरच्या निसर्गाचं काय, असा संताप उसळला आणि त्याला माफी मागावी लागली. तंत्र तेच, माणूस तोच. फरक इतकाच, की यावेळी ज्याच्यावर दारू उडाली ते त्याचं नव्हतं.

भारतीय कलाकारांतही आग ठळक आहे. हिम्मत शाह यांनी साठच्या दशकात जाळलेल्या कागदांची कोलाजं केली. शीला गौडा यांनी २००७ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे जर्मनीत भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ‘कोलॅटरल’ मांडलं: उदबत्तीच्या लगद्याचे आकार जाळीच्या चौकटींवर पसरून पेटवलेले, आणि प्रेक्षकासमोर फक्त त्यांची राख, आकार तसाच धरून राहिलेली. युद्धाच्या बातम्यांत ‘कोलॅटरल’ म्हणून ज्यांची बोळवण होते, ती माणसं या राखेत दिसायला एकही आकृती काढावी लागलेली नाही.

जितीश कलाट यांचं २००३ चं ‘पब्लिक नोटीस’ तर मी आगीच्या प्रतीकाचा सर्वांत नेमका वापर मानतो. स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं नेहरूंचं ‘नियतीशी करार’ हे भाषण त्यांनी आरशासारख्या ॲक्रिलिकवर रबराच्या डिंकाने अक्षर अक्षर लिहिलं आणि पेटवून दिलं. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसाचाराला जेमतेम वर्ष झालं होतं. उष्णतेने आरसा वाकतो. करपलेल्या शब्दांमधून आपला चेहरा दिसतो, तोही वेडावाकडा. शब्द नष्ट झालेले नाहीत, वाचता येतात. जाळल्यामुळेच ते उमटलेत. आश्वासन जळालं, आणि जळाल्यावरच पुन्हा वाचलं गेलं.

नुसती रंगवलेली आग आता कामाची नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. अमेरिकन चित्रकार एड रुशेने १९६५ ते ६८ या काळात लॉस एंजेलिसचं नवंकोरं कलासंग्रहालय पेटलेलं रंगवलं. वरून पाहिलेली नीटनेटकी इमारत, कडेला जाळ, आणि कुठेही एक माणूस नाही. त्या थंडपणाचीच भीती वाटते. उलट बिल व्हायोलाच्या १९९६ च्या ‘द क्रॉसिंग’ या व्हिडिओ कलाकृतीमध्ये माणूस चालत येतो, त्याच्या पायाशी लहानशी ज्योत लागते आणि बघता बघता तो आगीत नाहीसा होतो. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला तोच माणूस पाण्यात विरतो. दृश्य भव्य आहे, पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी येतं. मला ते थोडं सोपं वाटतं, कारण तिथे काहीच जळत नाही आणि म्हणून काही गमावलंही जात नाही.

ब्रिटिश कलाकार आणि चित्रपट दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनने ‘ग्रेनफेल’मध्ये ज्वाळा दाखवलीच नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसं गेली. डिसेंबरमध्ये, इमारत झाकली जाण्याआधी, त्याने हेलिकॉप्टरमधून तिचं चित्रण केलं. २०२३ मध्ये दाखवलेली ही २४ मिनिटांची फिल्म एका सलग शॉटची आहे. कॅमेरा काळ्या सांगाड्याभोवती फिरत राहतो. निवेदन नाही. त्या रात्रीच्या ज्वाळांची दृश्यं जगभर दाखवून झाली होती. मॅक्वीन पाहायला लावतो ते नंतरचं, आणि नजर वळवायला जागा ठेवत नाही.

आता तुमचा खळबळीचा आक्षेप. जाळणं सोपं आहे आणि लक्ष हमखास वेधून घेतं, हे खरंच. १९७० मध्ये अमेरिकन कलाकार जॉन बाल्डेसारीने १९५३ ते १९६६ मधली आपल्याजवळची चित्रं स्मशानाच्या भट्टीत जाळली, राख ग्रंथाच्या आकाराच्या कलशात भरली, थोडी बिस्किटांत मिसळून भाजली. वरवर हा चाळा वाटेल. पण त्याने स्वतःची तेरा वर्षं जाळली आणि त्यानंतर खरोखरच वेगळा कलाकार झाला. पुरावा त्याच्या पुढच्या कामात आहे. रशियन कलाकार प्योत्र पाव्लेन्स्कीने नोव्हेंबर २०१५ मध्ये मॉस्कोतल्या लुब्यान्काचं, म्हणजे गुप्तचर खात्याच्या मुख्यालयाचं दार पेटवलं आणि पळून न जाता तिथेच उभा राहिला. त्याला अटक झाली. त्या उभं राहण्याशिवाय ती निव्वळ जाळपोळ झाली असती.

आणि मग स्पॅनिश चित्रकार मिरो व ब्रिटिश कलाकार हर्स्ट. दोघांच्याही आगीचा रोख चित्राच्या किमतीकडे होता. होआन मिरोने १९७३ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, आपले पाच कॅनव्हास कापले आणि जाळले. चित्रं म्हणजे गुंतवणूक समजणाऱ्या बाजारावर तो चिडला होता. पुढच्या वर्षी पॅरिसला ते असे लावले की भोकांतून मागची लाकडी चौकट दिसावी. कुठे थांबायचं, कुठे पाणी मारायचं हे तो जाळताना ठरवत होता, त्यामुळे ती जळूनही चित्रंच राहिली. डेमियन हर्स्टने ‘द करन्सी’मध्ये ठिपक्यांची १०,००० चित्रं काढली. घेणाऱ्याने कागद ठेवायचा किंवा त्याची डिजिटल नोंद, एनएफटी. ४,८५१ चित्रांच्या बाबतीत एनएफटी निवडली गेली आणि ऑक्टोबर २०२२ पासून त्यांचे कागद जाळले गेले. तिथे आगीने कागदाशी काहीच संवाद केला नाही, फक्त हिशेब पुरा केला. कागद यंत्रात घालून फाडले असते तरी चाललं असतं. तेव्हा खळबळ म्हणाल, तर हर्स्टबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. मिरोबद्दल नाही.