कृषी सल्ला : एफ-टूची पाकिटं, चोर बीटी आणि घरचं सोयाबीन

पेरणी तोंडावर आली की ठरलेले प्रश्न येतात, यंदा मात्र बियाण्याच्या जनुकांवरचे जास्त आलेत, कारण दुकानात आता जीन, डीएनए, एफ-टू हे शब्द सर्रास चालायला लागलेत आणि गिऱ्हाईक गप्प बसतं. एकेक घेतो. खत किती, अंतर किती हे तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पहिला प्रश्न, आणि हा सगळ्यात जास्त जणांचा: "मागच्या वर्षी ज्या संकरित कापसाने चांगलं पीक दिलं त्याचीच सरकी दुकानदार एफ-टू म्हणून निम्म्या भावात देतोय, म्हणतो माल तोच आहे, घेऊ का?"

नका घेऊ. माल तो नाही. एफ-टू म्हणजे संकरिताच्या शेतातून धरलेलं बी, दुसरी पिढी.

संकरित म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांची पहिली पिढी. अशा शेतातली सगळी झाडं एकसारखी दिसतात कारण प्रत्येक झाडात प्रत्येक गुणाची जोडी सारखीच, एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून. पण हेच झाड बी धरायला लागलं की जोडी फुटते, प्रत्येक परागकणात आणि बीजांडात दोघांपैकी एकच जातं आणि कुठलं जाईल यावर कुणाचा जोर चालत नाही. मेंडेल नावाच्या शास्त्रज्ञाने वाटाण्यावर हेच मोजलं, दुसऱ्या पिढीत एका रूपाची तीन झाडं तर दुसऱ्या रूपाचं एक असं प्रमाण पडतं हे १८६६ साली छापलं, आणि १९०० पर्यंत कुणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते प्रमाण एका गुणाचं आहे, कापसाच्या झाडात तर उंची, फांद्या, बोंडाचं वजन, धाग्याची लांबी, रोगाला तोंड देणं असे कितीतरी गुण आणि एकेका गुणामागे अनेक जनुकं, आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी फुटतात. संकराचा जोम असतो तो बराचसा जोडीतली दोन जनुकं एकमेकांपेक्षा वेगळी असल्यामुळे, आणि अशा जोड्या स्वपरागीकरणात दर पिढीला निम्म्या होतात, म्हणजे पहिल्या पिढीत शंभर धरल्या तर दुसरीत ५०, तिसरीत २५. म्हणून एफ-टूच्या शेतात एक झाड कमरेला, शेजारचं गुडघ्याला, एक फुटायला लागलंय आणि दुसरं अजून पात्यावरच. वेचणीला मजूर तेवढेच लागतात, उलट फेऱ्या वाढतात. पाकिटावर वाचलेले पैसे तिथे गेले.

ज्वारी, बाजरी, कांद्याच्या संकरिताचं बी ठेवणाऱ्यांना तर अजून एक झटका बसतो. यांचे संकर करताना आईचं झाड नर-वंध्य, म्हणजे पराग न धरणारं, वापरतात, आणि हा वंध्यपणा पेशीच्या केंद्राबाहेरच्या भागातून, फक्त आईकडूनच येतो. बाजरी-ज्वारीच्या संकरितात बापाकडून आलेलं एक जनुक तो वंध्यपणा झाकतं म्हणून शेतात दाणे भरतात. बी धरून पुढच्या वर्षी पेरलं की झाकणारं जनुक काही झाडांना मिळतं, काहींना मिळत नाही, आणि ज्यांना मिळत नाही त्यांच्या कणसात परागच नसतो. मग शेतकरी येतो आणि म्हणतो साहेब औषध सांगा. याला औषध नाही. दुकानदार मात्र लगेच बोरॉन आणि टॉनिक देतो, दोन्ही डबल डोसने. टॉनिक मारून जनुक येत नसतं. हे लिहून ठेवा, मी प्रत्येक सभेत सांगतो आणि तरी दर हंगामात कुणीतरी रिकाम्या बाटल्या घेऊन उभं असतंच.

एका ताईंनी विचारलंय की पांढऱ्या मक्याच्या कणसात मधेमधे पिवळे दाणे आलेत, बियाण्यात भेसळ आहे का, कंपनीवर तक्रार करायची आहे. ताई, या एवढ्यावर तक्रार टिकणार नाही. मक्याच्या दाण्यातला पिठाळ भाग आई आणि बाप दोघांच्या जनुकांतून बनतो, शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग वाऱ्याने आला की ज्या-ज्या रेशमावर तो पडला तेवढे दाणे त्याच वर्षी पिवळे होतात. बीजोत्पादनात मक्याला २०० मीटरचं अंतर ठेवतात ते यासाठीच. खायला काही बिघडत नाही, बियाण्याला ते कणीस ठेवू नका.

आता चोर बीटी, म्हणजे बिनमंजुरीचं चोरून विकलं जाणारं बीटी कापसाचं बियाणं; बीटी म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच बनवणारं जनुक. "तणनाशक मारलं तरी कापूस मरत नाही असं पाकीट मिळतंय, बीजी-३ म्हणतात, बीजी-४ पण म्हणतात."

बीजी-३ आणि बीजी-४ नावाचं मंजूर काही नाही. आपल्या देशात बीटी कापसाला मंजुरी मिळाली २००२ साली, ते एका जनुकाचं, मग २००६ ला दोन जनुकांचं बीजी-२ आलं, बस. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला जीईएसी म्हणजे पर्यावरण मंत्रालयाच्या समितीची मंजुरी नाही, विकणं गुन्हा आहे, बिल मिळत नाही आणि बिल नाही म्हणजे उगवलं नाही तरी तुम्ही कुणाकडे जाणार? पण कायदा बाजूला ठेवा, हिशोबच बघा. यातलं पुष्कळ बियाणं कुणाच्या तरी शेतातल्या कापसाची सरकी काढून, रंग लावून भरलेलं असतं, म्हणजे तीच एफ-टू. तणनाशक सोसणारं जनुक जोडीत एकच असेल तर पुढच्या पिढीत चारातल्या एका झाडात ते नसणारच. फवारलं की तेवढी झाडं तणासोबत जळाली, तासात चौथाई जागा रिकाम्या. हे मी शेतात उभं राहून पाहिलंय, एकाच तासात हिरवं रोप आणि त्याला लागून करपलेलं रोप, दोन्ही एकाच पाकिटातली. दुकानदार म्हणाला फवारणी जास्त झाली. पुढच्याला म्हणाला कमी झाली. घेऊ नका.

यानंतर गुलाबी बोंडअळी, "बीटी लावूनही अळी का, दुकानदार म्हणतो डोस दुप्पट करा आणि दोन औषधं मिसळून मारा."

डोस दुप्पट करू नका. मिसळून मारू नका. अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात बोंडात शिरते, छिद्र बुजतं, वरून काय ओतलं तरी आत पोचत नाही, मरतात ते मित्रकिडे आणि विषबाधा होते ती फवारणाऱ्याला, २०१७ साली यवतमाळात काय झालं ते विसरलात का?

आणि बीटी का चालेना, तर त्यातही जनुकांचाच खेळ आहे, तुमच्या झाडाच्याही आणि अळीच्याही. झाडाचं आधी. बहुतेक बीजी-२ संकरितांत दोन्ही बीटी जनुकं एकाच पालकाकडून आलेली असतात, म्हणजे प्रत्येकाची जोडी अर्धीच. झाडाच्या पानात दोन्ही विषं तयार होतात, पण त्याच झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी, तिथे जनुकं वाटली जातात. एक बोंड फोडून सरक्या काढा आणि सोळा-सोळाचा हिशोब लावा: साधारण ९ सरक्यांत दोन्ही जनुकं, ६ सरक्यांत कुठलंतरी एकच, आणि एका सरकीत एकही नाही. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. म्हणजे एका बोंडाच्या आत तिला कडक, हलकं आणि बिनविषारी असं सगळं मिळतं, आणि ज्या अळीत थोडीफार सोसायची ताकद आहे ती तिथे जगून निघते.

आता अळीचं. विष सोसण्याचं जनुक तिच्यात बहुतांशी दबून राहणारं आहे, आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच ती बीटीवर जगते, एकाकडूनच मिळालं तर मरते. म्हणून कडेने बिगर-बीटी ओळी लावायला सांगतात, तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या पतंगांशी जुगतात आणि पिल्लं मरतात. किती जणांनी त्या ओळी लावल्या? पिशवीसोबतचं छोटं पाकीट बांधावर फेकलेलं मी बघितलंय, दुकानदारच सांगायचा की फेका, त्याला अळी लागते. अहो अळी लागायलाच हवी तिथे! सगळ्यांनी फेकलं, मग वाचलेल्यांचं वाचलेल्यांशीच जुळलं, आणि पाच-दहा वर्षांत दोन्ही जनुकं गुलाबी बोंडअळीपुढे निकामी. हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून काम करतं, हे लक्षात असू द्या, घोटाळा गुलाबीचा आहे. आता बिगर-बीटी बी पिशवीतच मिसळून येतं, ते निवडून टाकू नका.

करायचं काय ते थोडक्यात: हंगामपूर्व लागवड नको. कमी दिवसांचं वाण घ्या. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री ८ पतंग आले किंवा दहातल्या एका फुलाची डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या गुंफून बंद केलेलं फूल, दिसली की मगच फवारणी, शिफारशीच्या मात्रेत, आणि लागोपाठ एकाच गटातलं औषध नको, नाहीतर बीटीचं झालं तेच त्या औषधाचं होईल. आणि फरदड नको. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. फरदड, म्हणजे वेचण्या संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घेणं, हे त्या वाचलेल्या अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसणं.

एकाने फार चांगलं विचारलंय: "डीएनए टेस्टेड बियाणं असं पिशवीवर छापतात, हे जीनचे नकाशे वगैरे काढतात त्याचा आपल्याला उपयोग काय?"

उपयोग आहे, पण पिशवीवर छापतात तो नाही. जनुकं गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात, तुरीत गुणसूत्रांच्या ११ जोड्या, सोयाबीनमध्ये २०, अमेरिकन कापसात २६. पराग आणि बीजांड तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपापसात तुकडे बदलतात. दोन जनुकं लांब असली तर मधे तुटण्याची शक्यता जास्त, जवळ असली तर एका दाव्याला बांधलेल्या गुरांसारखी सोबतच जातात. मॉर्गन या जनुकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतल्या स्टर्टेव्हंट नावाच्या पोराने, वय जेमतेम विशीतलं, फळमाशीत किती वेळा ताटातूट होते ते मोजून त्यावरून अंतर काढलं आणि १९१३ साली पहिला नकाशा छापला. शंभरात एकदा ताटातूट म्हणजे एक सेंटिमॉर्गन, हे माप आजही चालतं.

याचा फायदा असा की रोगाला दाद न देणारं जनुक डोळ्याला दिसत नसलं तरी त्याच्या अगदी शेजारची डीएनएतली खूण शोधता येते, आणि मग रोपाच्या एका पानावरून कळतं की हे ठेवायचं का उपटायचं, रोग येण्याची वाट बघत हंगाम घालवायची गरज नाही. एचएचबी-६७ ही बाजरी केवड्याला, आपण गोसावी म्हणतो त्याला, बळी पडत होती, अशा खुणा धरून तिच्यात प्रतिकाराची जनुकं घातली आणि २००५ साली सुधारित वाण आलं. भातात ओडिशाच्या एका जुन्या वाणातलं नवव्या गुणसूत्रावरचं सब-वन जनुक स्वर्णा वाणात आणलं, ते २००९ ला आलं, पाण्याखाली दोन आठवड्यांच्या आसपास तग धरतं. बाकी गुण स्वर्णाचेच, कारण दर पिढीत परत स्वर्णाशीच संकर करून खुणांच्या मदतीने फालतू तुकडे गाळले. तुरीचा पूर्ण जनुकसंच २०११ ला वाचून झाला, हरभऱ्याचा २०१३ ला, त्यावर आपल्याकडच्या संस्थांनी काम केलंय आणि मर रोगाच्या बाबतीत त्याचा उपयोग होतोय.

पण उत्पन्न हा एका जनुकाचा गुण नाही. अनेक जनुकं, प्रत्येकाचा वाटा छोटा, वर तुमची जमीन आणि पाऊस. डीएनए चाचणी बियाणं शुद्ध आहे का ते सांगते, एकरी किती होईल ते सांगत नाही. लेबलवरची ९८ टक्के शुद्धता तर भौतिक असते, म्हणजे माती-खडा-दुसरं बी किती, तिचा जनुकांशी संबंध नाही, दुकानदार दोन्ही एकच म्हणून खपवतो. आणि जनुक-संपादित म्हणून मे २०२५ मध्ये जाहीर झाली ती दोन्ही वाणं भाताची आहेत. सोयाबीनच्या पिशवीवर तसलं काही छापलेलं दिसलं तर पिशवी खाली ठेवा आणि आम्हाला कळवा.

आता माझा आवडता विषय, घरचं सोयाबीन. ज्यांनी विचारलं नाही त्यांनीही वाचा.

सोयाबीन स्वपरागित आहे, आपल्याकडे सगळी सरळ वाणं, संकरित नाही. फूल उमलायच्या आतच पराग पडून जातो, जोडीतली दोन्ही जनुकं आधीपासून सारखीच, त्यामुळे मुलगा बापासारखाच. म्हणून प्रमाणित बियाणं एकदा आणलं की तीन वर्षं घरचं चालतं आणि दरवर्षी पिशवी विकत घ्यायचं काही कारण नाही. दुकानदार म्हणेल घरच्या बियाण्याची ताकद जाते. जनुक जात नाही, उगवण जाते, आणि ती तुमच्या हाताळणीने जाते: मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोती उंचावरून आपटली, साताच्या वर थप्पी लावली, फरशीवर टाकलं. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. शेतात फुलाच्या वेळी वेगळ्या रंगाचं फूल, वेगळी लव, वेगळं पान दिसेल ते झाड उपटा, कापणीआधी शेंगा बघून परत एकदा उपटा.

उगवण चाचणी करा. सरसकट शंभर दाणे मोजून घ्या, निवडून चांगले घेऊ नका, मग चाचणीला अर्थ राहत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी उघडा आणि धड कोंब आलेलेच मोजा. ७० किंवा वर असेल तर एकरी ३० किलो, त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, साठच्या खाली असेल तर ते तेलाला द्या. बीजप्रक्रिया कार्बोक्झिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम, सहा नाही, तीन, मग सुकल्यावर रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरणारं जिवाणू खत. जास्त लावलं की रायझोबियमही मरतं आणि कोंबही दबतो.

योजनांचं विचारताय तर: प्रमाणित बियाण्याच्या अनुदानाला महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, अर्ज, मुदत बघा. तुमचं स्वतःचं जपलेलं गावरान वाण असेल तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या नावाने नोंदवता येतं, शिवाय त्याच कायद्याने घरचं बी ठेवणं, पेरणं, देणं, विकणं हे सगळं चालतं, फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं, सत्यप्रतचं, म्हणजे कंपनीने स्वतःच हमी दिलेल्याचं, हिरवट. पक्कं बिल, टॅग, पिशवी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत ठेवा, उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीकडे लगेच अर्ज, महिन्याभराने येऊ नका, पंचनाम्याला तोवर काही शिल्लक राहत नाही.

आणि हो, "दोन दिवस पाऊस झाला, पेरू का" हे आठ-दहा जणांनी विचारलंय. ७५ ते १०० मिलिमीटर होऊ द्या.