फार्मसीत मिसळून दिलेली क्रीम किती दिवस वापरावी?
मूळ ट्यूबवरची एक्सपायरी या मिश्रणाला लागू होत नाही. फार्मासिस्टने डबीवर लिहिलेली तारीख पाहा. अमेरिकी फार्माकोपियानुसार (औषधांच्या दर्जाचे अधिकृत नियम), वेगळी स्थिरता-चाचणी नसेल तर पाणी आणि प्रिझर्वेटिव्ह (जंतूंची वाढ रोखणारा घटक) असलेल्या क्रीमला जास्तीत जास्त ३५ दिवस, बिनपाण्याच्या मलमाला १८० दिवस. एखाद्या घटकाची एक्सपायरी त्याआधी असेल तर तीच तारीख. दोन क्रीम एकत्र केल्या की प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं, इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटून पाणी सुटू शकतं. हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध) हवेने तपकिरी पडतं. असं मिश्रण टाकूनच द्या. ट्रेटिनॉइन (मुरुमांवरचं औषध) उजेडात विघटित होतं. पसरट डबीपेक्षा पंपाची बाटली कधीही चांगली, बोटं आत जात नाहीत. सांगितल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका, गोठल्यास क्रीम फाटते.