लँकेस्टरला जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-प्रस्ताव वाचला. 'आमिश समाज म्हणजे आनुवंशिकीचा खजिना' हे पहिलंच वाक्य आधी काढून टाक.

आमिश म्हणजे अमेरिकेत लँकेस्टर भागात शेती करून राहणारा, जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ. मूळ पुरुष मोजके, लग्नं आपापसात, वंशावळी नीट लिहून ठेवलेल्या. संशोधकाला आणखी काय हवं, हे मान्य. (पोटजातीतच स्थळं बघणाऱ्या घरात वाढलीस, तुला वेगळं सांगायला नको.) १९६४ साली आनुवंशिकीतज्ज्ञ मॅककुसिक यांनी सहा बोटांच्या, ठेंगण्या मुलांचा माग काढला, तो थेट १७४४ साली पेनसिल्व्हेनियात आलेल्या एका जोडप्यापाशी पोचला. शोध मोठाच. पण त्या मुलांच्या आयांच्या हाती काय पडलं?

म्हणून तू बालरोगतज्ज्ञ होम्स मॉर्टन यांचं काम आधी वाच. सेरेब्रल पाल्सी समजल्या गेलेल्या एका आमिश मुलाच्या लघवीच्या तपासणीत त्यांना ग्लुटारिक ॲसिडुरिया हा आनुवंशिक विकार सापडला. यात बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. मग साधा ताप किंवा उलट्या होतात, पोटात अन्न ठरत नाही, शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडू लागतं आणि बघता बघता मेंदूतला हालचाली सांभाळणारा भाग कायमचा निकामी होतो. आहारात लायसिन (प्रथिनांतला एक घटक) बेताचं ठेवलं आणि आजारपणात लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं, तर बहुतेकदा हे टळतं. सगळा खेळ वेळेचा, म्हणजे दवाखाना घराजवळच हवा. म्हणून १९८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच स्ट्रासबर्गला क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन निघालं. इमारत उभारायला आमिश आणि मेनोनाइट (आमिशांच्या जवळचा ख्रिस्ती पंथ) सुतार राबले. हे लोक सहसा विमा घेत नाहीत. दवाखान्यासाठी गोधड्यांचे लिलाव करतात.

आकडेमोडीत मात्र घाई नको. १९८७ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आमिश कुटुंबांतल्या उन्माद-नैराश्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचा दावा आला. दोन वर्षांत त्याच वंशावळीतली आणखी माणसं तपासली, निरोगी धरलेल्यांपैकी दोघं आजारी पडली, आणि दावा कोसळला.

एपीओसी३, म्हणजे रक्तातल्या चरबीशी संबंधित प्रथिन बनवणाऱ्या जनुकावरचा तुझा भाग चांगला उतरलाय. लँकेस्टरच्या सुमारे ५ टक्के आमिशांत या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बंद असते, त्यांचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) कमी असतात. २००८ च्या त्या शोधानंतर हेच प्रथिन रोखणारी औषधंही आली. पण ज्यांच्या रक्तातून हे कळलं, त्यांना ती परवडतील का, यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. ती लिही. शिवाय तपासणीचा निकाल घरी कोण, किती दिवसांत सांगणार, तेही. आणि भेटीच्या वेळा गाईंची धार काढून झाल्यानंतरच्या ठेव.

सुधारलेला मसुदा पाठव.