फ्रेंच निळ्या वर्क जॅकेटच्या लेबलवर 'सॅन्फोरिझे' लिहिलंय आणि विकणारा ते 1920 चं म्हणतोय, खरं असेल का?

नाही, 1920 चं नसणार. सॅन्फोरिझे म्हणजे धुतल्यावर आटू नये म्हणून कापड आधीच आटवून घेतलेलं, आणि ही प्रोसेस सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने 1930 च्या आसपास आणली, त्यामुळे जॅकेट त्यानंतरचंच. लेबलवर टब-इस्त्रीची ती छोटी चित्रं पण असतील तर अजून अलीकडचं, कारण ती चिन्हं ठरवणारी संस्था पॅरिसमध्ये 1963 ला सुरू झाली. आणि पॉलिएस्टर लिहिलेलं दिसलं तर विषयच संपला, जुनी मोलस्किनची जॅकेटं (घट्ट विणीचं जाड सुती कापड, हात फिरवला की मऊ लागतं) शुद्ध कॉटनची असायची. उडालेला रंग आणि ठिगळं बघून मात्र वय ठरवू नका, रोज कारखान्यात घातलेलं जॅकेट काही वर्षांतच तसं दिसायला लागतं, आणि हल्ली नवीन कापडालाही मुद्दाम तसा लुक देतात. फक्त एक आहे, लेबल नंतर कोणी शिवलेलं असू शकतं, म्हणून त्याचा दोरा आणि आजूबाजूच्या शिलाईचा दोरा जुळतो का तेवढं बघा, नाही जुळला तर वरचं सगळं लेबलला लागू, जॅकेटला नाही.