वाचकांचे प्रश्न : कॉलेज आधी की करार आधी?

या वेळच्या टपालात बास्केटबॉलची पत्रं एवढी आली की बाकीचे खेळ पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रं गार्ड (बॉल पुढे नेऊन चाल रचणारा, बहुधा कमी उंचीचा खेळाडू) खेळणाऱ्या मुलांबद्दल आहेत. आपल्या भागात सहा फुटांच्या आतली मुलंच जास्त, त्यामुळे ते साहजिकही आहे.

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९, उंची ५ फूट ९ इंच, पॉइंट गार्ड. गेल्या वर्षी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात राखीव होता. बेंगळुरूच्या एका खासगी क्लबाने महिना १८,००० रुपये आणि राहण्याची सोय देऊ केली आहे. सराव दोन वेळ, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे कॉलेज सुटणारच. ‘सगळे जाऊलालेत, मीच का मागं राहू?’ म्हणतो. जाऊ द्यावं का? – एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : आत्ता नको. सहावं सेमिस्टर संपेपर्यंत थांबवा. ‘शिक्षण महत्त्वाचं’ हे तर खरंच, पण इथे थांबण्याचं कारण खेळाच्याच हिशेबातलं आहे.

भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच खेळू शकतो. वय १७ ते २५ लागतं आणि पूर्णवेळ नोकरीत असलेल्याला प्रवेश नाही. मुलाने कॉलेज सोडलं की हे दार त्याच दिवशी बंद. पुढे म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करता येईल, ती नोकरीला चालेलही. पण त्या प्रवेशावर विद्यापीठाची जर्सी मिळत नाही. जर्सीची किंमत कळते ती सरकारी नोकरीसाठी क्रीडा कोट्याचा अर्ज भरताना. केंद्र सरकारच्या कोट्यात प्रमाणपत्राचे चार नमुने आहेत : फॉर्म १ आंतरराष्ट्रीय, फॉर्म २ राष्ट्रीय, फॉर्म ३ आंतरविद्यापीठ, फॉर्म ४ शालेय राष्ट्रीय. पसंतीचा क्रम असा लागतो : आधी देशाकडून खेळलेले, मग राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेले, मग आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेले. पदक नसलेला, नुसता विद्यापीठाकडून खेळलेला मुलगा यादीत अगदी खाली असतो, पण यादीत असतो. क्लबच्या ओळखपत्राला या यादीत जागाच नाही.

म्हणून पहिलं काम फॉर्म ३ चं. राखीव असला तरी तो अधिकृत संघयादीत होता ना, हे बघा. यादीत नाव असेल तर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची सही-शिक्का घेऊन तो कागद आत्ताच घरी आणून ठेवा. अधिकारी बदलले की जुन्या वर्षाची फाईल शोधण्यात महिने जातात आणि अर्जाची मुदत काही थांबत नाही.

आता पैशाकडे बघू. १८,००० हा महिन्याचा आकडा आहे, पण वर्षात असे महिने किती? पाच महिन्यांचाच हंगाम असेल तर वर्षाचे ९०,००० झाले. व्यावसायिक फी म्हणून दिले तर त्यातून १० टक्के टीडीएस कापतात. रिटर्न भरून तो परत मागता येतो, तेवढे कष्ट घ्यायला हवेत. बूट, फिजिओ, सणाला घरी येण्या-जाण्याचं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट, हे सगळं त्यातूनच. खासगी लीगचा भरवसा किती धरायचा हेही ध्यानात असू द्या. यूबीए ही लीग २०१५ मध्ये वाजतगाजत सुरू झाली, देशातले चांगले चांगले खेळाडू तिच्यात उतरले, आणि २०१७ नंतर तिचा हंगाम झाला नाही. ज्यांच्या पाठीशी खात्याची नोकरी होती ते ड्यूटीवर परतले. बाकीच्यांना परतायला जागा नव्हती.

मधला मार्ग आहे, तो क्लबला विचारून बघा. सुट्टीतले दोन महिने सराव आणि सामने, मानधन सामन्यामागे, आणि विद्यापीठाच्या शिबिरासाठी व स्पर्धेसाठी सोडण्याची लेखी हमी. पूर्णवेळ नेमणूकपत्रावर मात्र सही नको. क्लबला मुलगा खरोखर हवा असेल तर ते मानतील. ‘आज सही करा, नाहीतर दुसरा घेतो’ असं म्हणाले तर दुसरा घेऊ द्या.

सही करायची वेळ आलीच तर कागदात चार गोष्टी शोधा : पैसे किती महिने आणि कोणत्या तारखेला, दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने आणि त्या काळात मानधन चालू का, क्लब सोडायचा झाला तर ना-हरकत किती दिवसांत, आणि शेवटी, करार मोडण्याचा हक्क दोघांना आहे की फक्त क्लबला. मुलं दुसऱ्या मुद्द्याकडे बघतच नाहीत. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला नऊ महिने तरी जातात. पाच महिन्यांच्या करारात नऊ महिन्यांची दुखापत बसत नाही, आणि क्लबने दिलेली खोलीही तोवर दुसऱ्याला गेलेली असते.

प्रश्न : भाचा बारावी झाला, कॉलेजात नुकताच गेलाय. कर्नाटकाच्या ज्युनियर संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळला. रेल्वेच्या क्रीडा कोट्याची जाहिरात आली आहे. आता भरावी की पदवीनंतर? – खानापूर

उत्तर : आता भरा. वरचं उत्तर तुमच्या भाच्याला लागू नाही, कारण समोर क्लब नसून खात्याची नोकरी आहे.

रेल्वेच्या थेट भरतीत १०० पैकी ५० गुण खेळातल्या कामगिरीला, ४० चाचणीला (कौशल्य, तंदुरुस्ती, प्रशिक्षकांचं मत) आणि फक्त १० शिक्षणाला असतात. चाचणीत ४० पैकी २५ मिळाले नाहीत तर बाकीचे गुण मोजतच नाहीत. बारावीवर लेव्हल (वेतनाचा टप्पा) २ किंवा ३ ची जागा मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन अनुक्रमे १९,९०० आणि २१,७००. लेव्हल ४-५ ला (२५,५०० आणि २९,२००) पदवी लागते, पण नुसत्या पदवीने भागत नाही, खेळातली कामगिरीही बरीच वरची लागते. तेव्हा ‘पदवी झाली की थेट वरची जागा’ हे गणित तेवढं सरळ नाही.

घाईचं खरं कारण वेगळं आहे. कामगिरी चालू आर्थिक वर्षातली किंवा त्याआधीच्या दोन वर्षांतली लागते. ज्युनियरचं प्रमाणपत्र असं शिळं होतं. तीन वर्षं पदवीसाठी थांबला आणि त्या काळात सिनियर संघात नाव लागलं नाही, तर हातात पदवी राहील आणि खेळाचा रकाना कोरा. लेव्हल २-३ साठी राष्ट्रीय स्पर्धेतला संघाचा क्रमांकही बघतात, तेव्हा संघ कितवा आला ते प्रमाणपत्रावर छापलेलं आहे का, हे अर्जाआधी तपासा. नसेल तर राज्य संघटनेकडून लिहून घ्या.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक जोड. ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत अर्ज करता येतो, म्हणून बरेच जण तिकडच्या क्रीडा कोट्याकडेही बघतात. तिथे कोणत्या राज्याकडून खेळलेलं चालतं ही अट जाहिरातीत आधी वाचा. रहिवास आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : अमेरिकेत मुलं एक वर्ष कॉलेज खेळून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जातात. मग इथे ‘पदवी पूर्ण कर’ हा सल्ला जुनाट नाही का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, निपाणी

उत्तर : ती मुलं एक वर्ष थांबतात, कारण नियमच तसा आहे. ड्राफ्टच्या (एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांच्या) वर्षात १९ पूर्ण आणि शाळा सुटून एनबीएचा एक हंगाम उलटलेला, ही अट २००६ च्या ड्राफ्टपासून आहे. त्याआधी कोबी ब्रायंट १९९६ मध्ये शाळेतून थेट गेला होता.

आणि जाताना ती डोळे झाकून जात नाहीत. पहिल्या फेरीतल्या ३० खेळाडूंना दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते. दुसऱ्या फेरीत नियमाने कसलीच हमी नाही. म्हणून शहाणा मुलगा नाव नोंदवतो, संघांकडे चाचण्या देतो, आपण कितवे निवडले जाऊ याचा अंदाज घेतो आणि तो ३० च्या बाहेर दिसला तर मुदतीत नाव मागे घेऊन कॉलेजात परततो. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर, जाहिरातींवर पैसे मिळवता येतात, त्यामुळे लवकर जाण्याची घाई तिकडेच कमी झाली आहे.

गार्डचंच बोलायचं तर कायरी आयर्विंग ड्यूक विद्यापीठाकडून ११ सामने खेळला आणि २०११ मध्ये पहिला निवडला गेला. स्टीफन करी मात्र डेव्हिडसनला तीन वर्षं होता, डेमियन लिलर्ड वेबर स्टेटला चार. जेलन ब्रन्सन तीन वर्षं खेळूनही २०१८ मध्ये ३३ वा निवडला गेला. फ्रेड व्हॅनव्हलीटला चार वर्षांनंतरही २०१६ मध्ये कोणी निवडलं नाही, आणि २०१९ मध्ये तो टोरँटोच्या विजेत्या संघात होता. बुटक्या गार्डला वेळ लागतो. बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर निव्वळ उंचीवर निवडला जाऊ शकतो. गार्डला कोणता पास कधी द्यायचा नाही हे कळावं लागतं, आणि ते सामने खेळूनच कळतं. त्यात कॉलेजची तीन पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची कमानीवर ७.२४ मीटरवर. बाकावर बसून ते अर्ध्या मीटरचं अंतर कापता येत नाही.

भारतातला सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा निवडला, कॉलेज न खेळता. सात फुटांहून उंच होता, तरी एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

प्रश्न : चाचणीला पाठवण्याआधी गार्ड तयार आहे की नाही हे शाळेच्या मैदानावर कसं ओळखावं? – क्रीडाशिक्षक, चिकोडी

उत्तर : पॉइंट मोजू नका. तालुक्यातल्या सामन्यात २५ पॉइंट करणारा गार्ड चाचणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो, कारण तिथे त्याला पूर्ण कोर्टभर दाबतात, म्हणजे ‘प्रेस’ करतात.

एका मुलाला वही देऊन बाजूला बसवा. रकाने तीन : बास्केट झाली असा पास, हातातून गेलेला बॉल, आणि प्रेस असताना ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडली की नाही. पाच सामने लिहू द्या. एका चुकीमागे दोन चांगले पास पडत असतील तर पाठवा. एकास एक असेल तर अजून वर्ष आहे.

मग डावा हात. २८ मीटरचं कोर्ट, एका टोकापासून फक्त डाव्या हाताने ड्रिबल करत (बॉल आपटत) लेअप (पळत जाऊन बास्केटजवळून टाकलेला शॉट), साधारण ५ सेकंदांत. बहुतेकांचा वेळ बरोबर येतो आणि लेअपला हात बदलतो. तिथेच निवड समितीचं पेन थांबतं.

शूटिंग दमल्यावर घ्या. कोर्टच्या चार फेऱ्या धावून लगेच ६.७५ मीटरवरून पाच जागांवर दहा-दहा शॉट. ५० पैकी २० च्या खाली गेले तर डिफेंडर दोन पावलं मागे उभा राहील आणि गार्डची आत घुसायची वाटच बंद होईल.

आपल्याकडची खास अडचण सिमेंटची. सिमेंटवर रबरी बॉल ताडकन वर येतो, लाकडी कोर्टवर कातडी किंवा कंपोझिट (कृत्रिम कातड्याचा) बॉल थोडा उशिरा आणि खाली. त्या फरकात पहिले दोन-तीन ड्रिबल पायावर पडतात. चाचणीआधी निदान दहा दिवस ७ नंबरचा कंपोझिट बॉल (वजन ५८० ते ६२० ग्रॅम) हातात असावा. बुटाचा सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेला तळवा लाकडावर सटकतो, म्हणून चाचणीचे बूट वेगळे. पण कोरे नकोत, आठवडाभर पायात मुरलेले हवेत. जून ते सप्टेंबर कोर्टवर शेवाळ धरतं तेव्हा मुलांना तिथे पळवू नका, घोटा जातो. शाळेच्या व्हरांड्यात दोन बॉलचं ड्रिबलिंग आणि भिंतीवर एका हाताचे पास, दोन्ही हातांनी रोज २००.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकलो, कन्नड जेमतेम. राज्य शिबिरात पॉइंट गार्डला बोलावं लागतं म्हणतात. अडचण येईल का? – वडगाव

उत्तर : पहिले तीन दिवस येईल. ‘स्क्रीन’, ‘स्विच’, ‘हेल्प’ हे खेळातले इशारे सगळीकडे इंग्रजीच आहेत. पण घाईच्या क्षणी पोरं घरच्या भाषेत ओरडतात. ‘एडगडे’ म्हणजे डावीकडे, ‘बलगडे’ म्हणजे उजवीकडे, ‘हिंदे’ म्हणजे मागे. हे तीन शब्द कानात पक्के बसवून जा. ‘हिंदे’ ऐकून पुढे बघत राहिलात तर बॉल मागून गेलाच म्हणून समजा.