आइन्स्टाइनला चुकीचं ठरवणाऱ्या त्या पीडीएफबद्दल

अरे,

तू पाठवलेली त्या काकांची पीडीएफ वाचली, सगळी नाही पण निम्मी तरी नीट वाचली. प्रस्थापित वैज्ञानिक आम्हाला दाबतात हे पानोपानी आहे, पण मोजून खरं-खोटं करता येईल असा एक आकडा सापडेना, माझी गाडी तिथेच अडली. जर्नलमध्ये नाही म्हणून फेकून दे असं मी म्हणणार नाही हां, जर्नलमधलं पण तपासावं लागतंच.

ईएमड्राइव्ह नावाच्या बिनइंधनाच्या इंजिनाचंच बघ. रॉजर शॉयर या ब्रिटिश इंजिनिअरची आयडिया, तांब्याचा बंद निमुळता डबा, आत मायक्रोवेव्ह सोडायच्या, बाहेर काहीच पडत नाही आणि तरी म्हणे डबा पुढे ढकलला जातो. एसटीत बसून पुढची सीट ढकलायची आणि एसटी हलली म्हणायचं, तसलं! तरीपण नासाच्या एका टीमने मोजलं, 2016 मध्ये पिअर रिव्ह्यू (म्हणजे इतर तज्ज्ञांकडून तपासणी) होऊन पेपर आला, किलोवॅटमागे 1.2 मिलिन्यूटन थ्रस्ट, म्हणजे ढकलणारा जोर, आणि लोक लगेच मंगळावर पोचले. मग जर्मनीत ड्रेस्डेनला मार्टिन ताजमार या संशोधकाच्या टीमने काय केलं तर मधे अटेन्युएटर, म्हणजे पॉवर कमी करणारा भाग, टाकून डब्यात पॉवर जवळपास जाऊच दिली नाही, तरी थ्रस्ट दिसतोच आहे! म्हणजे ढकलणारं दुसरंच कोणीतरी, बहुतेक केबलमधला करंट आणि पृथ्वीचं मॅग्नेटिक फील्ड. 2021 पर्यंत सेटअप आणखी सुधारला तर थ्रस्ट गायबच. मला या सगळ्यात तो अटेन्युएटरच जास्त आवडतो.

आणि "आइन्स्टाइन पण पेटंट ऑफिसातला क्लार्क होता", म्हणजे बाहेरच्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हे नको रे. त्याचे 1905 चे पेपर आनालेन डेर फिजीकमध्ये आलेत, तेव्हाचं नावाजलेलं जर्नल. सत्येंद्रनाथ बोस 1924 मध्ये ढाक्यात होते, तिथून आइन्स्टाइनला पेपर पाठवला, त्याने स्वतः जर्मनमध्ये करून छापून आणला, कारण त्यातून प्लांकचा (गरम वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा) फॉर्म्युला बरोब्बर निघत होता.

तर या काकांना एकच विचार, अदबीने विचार, उगाच खिल्ली नको. जीपीएस सॅटेलाइटमधलं घड्याळ वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं, ग्रॅव्हिटी कमी म्हणून 45 पुढे जातं, म्हणजे साधारण 38 पुढे, आइन्स्टाइनच्या रिलेटिव्हिटीतून हे निघतं. तुमच्या थिअरीतून किती येतात? आकडा आला तर शनिवारी ये घरी, गणित मिळून तपासू.